जावयाचं कनेक्शन

६ नोव्हेंबर

कापूस बियाण्याच्या कंपनीनं जानेवारीत दिलेली ही डायरी टेबलाच्या खणात पडून होती. आज काढली. कोणाशी तरी बोलायला पाहिजे आणि घरात प्रत्येक जण आधीच रडून घेतोय.

काजल, माझी धाकटी बहीण, भाऊबीजेला आली ती परत जायचं नाही म्हणते. ओवाळताना तिची बाही वर सरकली. दंडावर बोटांचे वळ निळे पडलेले. मी विचारलं, तर ताट खाली ठेवलं आणि म्हणाली, "दादा, माले तठे धाडू नको. तो माले मारी टाकी."

तो म्हणजे कुंदन, तिचा नवरा. आणि माझ्या बायकोचा, शीलाचा, सख्खा भाऊ. आमचं साटंलोटं आहे. त्यांची मुलगी आम्ही केली, आमची त्यांनी केली, एकाच मांडवात दोन्ही लग्नं. समाजातले वडीलधारे रूपचंद आबा, त्यांनी जुळवलं होतं. सगळे म्हणाले होते, अशा सोयरिकीत पोरींना त्रास होत नाही, कारण इकडं हात उगारला की तिकडं आपली पोर आहे हे आठवतं. कुंदनला काही आठवत नाही असं दिसतं.

काजल म्हणते, तो तिचा मोबाइल तपासतो. कोणाशी बोलली, किती वेळ बोलली. दूधवाल्याचा फोन आला तरी विचारतो. मला राग येतोय आणि लाजही वाटतेय. महिन्यातून दोनदा त्या घरी जेवून यायचो मी, आणि ती वाढायची, आणि मला काही दिसलं नाही.

१० नोव्हेंबर

ओट्यावर कॅमेरा बसवला. शहाद्याहून अंकितकडून आणला. अंकित म्हणजे हुकमीचंद शेठजींचा मुलगा. राउटर, कॅमेरे, फायबर, माझा सगळा माल त्याच्याच दुकानातून येतो. कॅमेरा चांगला आहे. चित्र स्वच्छ, आवाजही टिपतो, शिडीवर उभा राहून मी मोबाइलवर मायचा खोकला ऐकला. आता कुंदन दारात आला तर मी कुठंही असलो तरी मला दिसेल.

काजलला दाखवलं तर तिला जरा धीर आला. शीलानं फक्त विचारलं, "आपन बोलूत ते बी आयकू येस का येले?" मी म्हटलं, येतं, पण मला एकट्याला. पासवर्ड मी असा टाकलाय की मलाच तीन वेळा बघावा लागतो. मग तिनं ओट्यावरची चूल मागच्या दारी नेली. तिला कशाचंही कौतुक नाही.

लोक पासवर्ड विसरतात त्याची गंमत लिहून ठेवतो. आमच्या कळसाडीत आणि आसपासच्या गावांत माझी इंटरनेटची लाइन आहे, आणि रोज एखादा फोन असतोच की भूपेशभाऊ, पासवर्ड गेला. त्यांना वाटतं मी मोठी विद्या करतो. खरं म्हणजे या कंपनीच्या प्रत्येक राउटरमध्ये, प्रत्येक कॅमेऱ्यात कंपनीनं स्वतःचं एक खातं ठेवलेलं आहे. ते कुठं दिसत नाही, पुसता येत नाही, आणि नाव-पासवर्ड सगळ्यांना एकच. अंकितच्या माणसानं मला सांगितलं तेव्हापासून मी जागेवरून उठत नाही. ऑफिसात बसून त्या खात्यानं आत जायचं, गिऱ्हाइकाचा पासवर्ड बदलून द्यायचा, चहा येईपर्यंत काम झालेलं. धंद्यातल्या माणसांशिवाय कोणाला हे ठाऊक नाही, हे बरं आहे.

१४ नोव्हेंबर

रूपचंद आबा आले होते. मी त्यांना सांगून टाकलं की पिंपळबारीला कुंदनच्या घरी जे कनेक्शन आहे ते मी कापणार. लग्नापासून फुकट आहे. जावयाकडून बिल घ्यायचं हे माझ्या मनातही आलं नव्हतं, उलट पिंपळबारीत पहिली तार त्याच्या घरी ओढली आणि मग बाकी गाव धरलं. पण आता माझ्या बहिणीला मारणाऱ्यानं माझ्याच तारेवर सिनेमे बघायचे?

आबांनी पान लावलं, सावकाश खाल्लं. "कनेक्शन तोडशी ते बैठकमा पहिला गुन्हा तुन्हा ठरी. ऊस जाऊ दे, मंग बठसूत. तवलग हात लावू नको."

मायही आतून म्हणाली, "जवाई शे तो. मान ऱ्हास तेना."

मान. काजलच्या दंडावरचे वळ अजून गेले नाहीत. पण आबांचंही खरं आहे. समाजाच्या बैठकीत त्यांच्याकडचे लोक पहिलं हेच म्हणतील, की तुम्हीच आधी नातं तोडलं. एका तारेसाठी तो डाग कशाला घ्यायचा. राहू दे.

१९ नोव्हेंबर

काल संध्याकाळी सगळे ओट्यावर बसलो होतो. काजल बऱ्याच दिवसांनी हसली. रनाळ्याच्या छबूबाई, मायची बहीण, त्यांनी नंदुरबारला एका खासगी दवाखान्यात काजलसाठी शब्द टाकलाय. रनाळ्याला मावशीकडं राहायचं, रोज नंदुरबारला जाऊन येऊन काम करायचं. पेशंटची खोली बघणं, चादरी बदलणं, असलं काम. काजल म्हणाली, काहीही करीन.

आज दुपारी कुंदनचा फोन.

"भूपेशभाऊ, तुम्हनी बहीण दवाखानामा लादी पुसाले जाई ऱ्हायनी म्हने. शोभस का तुम्हले?"

मी म्हटलं, पाव्हणे, कोणी सांगितलं? तो हसला आणि ठेवला.

कालच्या बोलण्याला आम्ही चौघं होतो. माय, काजल, शीला, मी. दुसरं कोणी नव्हतं.

२० नोव्हेंबर

मी मूर्ख नाही, पहिला संशय कॅमेऱ्यावरच घेतला. पासवर्ड बदलला. नवा कोणालाच सांगितला नाही, शीलालाही नाही, कुठं लिहिला नाही. वायफायचाही बदलला. राउटर बंद करून चालू केला. आता यंत्रातून काही गेलं तर मी धंदा सोडीन.

ऑपरेटर लोकांच्या ग्रुपवर कोणीतरी लांबलचक इंग्रजी मेसेज टाकलाय, या मॉडेलमध्ये कुठल्या तरी खात्याचा धोका आहे वगैरे. निम्मा वाचला. अंकितला विचारलं तर म्हणाला, "नवा माल खपवायला घाबरवतात, भाई. लक्ष देऊ नका." असले मेसेज आठवड्याला चार येतात.

२४ नोव्हेंबर

परत तेच. परवा आबा आले असताना माय ओट्यावर रडली आणि म्हणाली, पोरीचं सामान परत मागू, सोडचिठ्ठी झाली तर झाली. आज पिंपळबारीहून निरोप, शब्दाला शब्द, की तुमची माय सोडचिठ्ठीची भाषा करते तर बैठकीला कशाला येता.

पासवर्ड मला एकट्याला माहीत आहे. म्हणजे यंत्र नाही, माणूस आहे. आबा सांगणार नाहीत, त्यांना बैठक हवी आहे. माय स्वतःचंच बोलणं कशाला पोचवेल. काजल तर नाहीच.

उरलं कोण ते लिहायला हात धजत नाही. ती रोज तिच्या मायशी फोनवर बोलते. मागच्या दारी चुलीजवळ बसून बोलते. आधी ओट्यावर बसून बोलायची.

२६ नोव्हेंबर

आज एक डाव टाकला. शीला ओट्यावर शेंगा निवडत होती, एकटीच. मी शेजारी बसलो आणि हळूच म्हटलं, कोणाला सांगू नको, काजलला गुरुवारी सकाळी सुरतेला मामाकडं पाठवतोय, शहाद्याहून. रनाळ्याचं रद्द.

सगळं खोटं. सुरतेच्या मामाला याचा पत्ताही नाही. काजललाही नाही.

शीला म्हणाली, "बरं करं. दूर जाई ते सुखी ऱ्हाई." मला क्षणभर वाईट वाटलं.

२८ नोव्हेंबर

शहाद्याच्या बसस्टँडवर समोरच्या टपरीत जाऊन बसलो. साडेसातला कुंदनची पिकअप आली. उतरला, सुरतेच्या गाडीपाशी जाऊन खिडकीखिडकीतून डोकावला, आत चढला, उतरला. मग फाटकापाशी उभा राहून येणारी प्रत्येक बाई बघत होता. त्याच्या हातात गाडीचा पाना होता. मी टपरीतून हललो नाही. भीती वाटली, खोटं कशाला लिहू.

म्हणजे ठरलं. ज्या एकाच माणसाला सांगितलं होतं, तिथूनच ते गेलं.

घरी येऊन विचारलं. तिथंच, ओट्यावर, कारण आतपर्यंत जायचाही धीर नव्हता.

"कोनले सांगं तू?"

"काय?"

"सुरतनं. कोनले सांगं?"

"मी कोन्हले सांगं नही. मन्ही मायनी शपथ."

"मंग तेले सपन पडनं का?"

तिनं शेंगांची टोपली बाजूला सारली आणि म्हणाली, "आपन आठे ओटावर बोलनूत. कोन्ही आयकं व्हई." मी म्हटलं, ओट्यावर तू होतीस आणि मी होतो, तिसरं कोण होतं? तिनं वर बघितलं, कॅमेऱ्याकडं. मला इतका संताप आला. चोर सापडला की यंत्राला नावं ठेवतो, हे मी रोज गिऱ्हाइकांत बघतो.

१ डिसेंबर

शीलाला पिंपळबारीला सोडून आलो. माय मधे पडली, काजल मधे पडली. काजल तर म्हणाली, वहिनी गेली तर मीही जेवणार नाही. पण ज्या ताटात जेवायचं त्यातच हे, माझ्यानं बघवत नाही. निदान काजल रनाळ्याला सुखरूप पोचेपर्यंत तरी ती या घरात नको.

गाडीवरून उतरताना शीला म्हणाली, "माले जठे धाडी ऱ्हायनात तठे कोन शे, माहीत शे ना तुम्हले?" मी म्हटलं, तुझाच भाऊ आहे. तिनं पिशवी घेतली आणि गेली. कुंदन दारात उभा होता. मला रामराम केला त्यानं, हसून. खिशात हात घालून.

घर रिकामं वाटतंय. तिच्यावर राग आहे आणि घर रिकामं वाटतंय, दोन्ही एकदम कसं होतं कोण जाणे.

८ डिसेंबर

एक गोष्ट लक्षात आली, नोंदवून ठेवतो. काजलनं दिवाळीनंतर लगेच पोलिसात अर्ज दिलाय. ते आम्ही स्वयंपाकघरात बसून ठरवलं होतं, शीलाही होती. कुंदनला ते अजून कळलेलं नाही, नाहीतर तो गप्प बसला नसता. शीलानं बाकी सगळं सांगितलं आणि एवढं मोठं कसं सांगितलं नाही? विसरली असेल. किंवा योग्य वेळेसाठी राखून ठेवलं असेल.

१३ डिसेंबर

काजलची तारीख पक्की झाली. दवाखान्यात सोमवारी, तेवीसला, हजर व्हायचंय. छबूमावशीनं तिच्यासाठी खोली सारवून ठेवली म्हणे. काजलनं मायच्या दोन साड्या मागून घेतल्या आणि त्या कितीदा घडी घातल्या, मोडल्या. तिला असं बघून बरं वाटतं. हे एवढं पार पडलं की बाकीचं बघता येईल. शीलाचंही.

१८ डिसेंबर

शीलाचे फोन. उचलले नाहीत.

१९ डिसेंबर

आज परत. पाच-सहा वेळा. दोन वेळा शिडीवर होतो, बाकीच्या वेळी मुद्दाम उचलले नाहीत. आता माफी मागायची आहे तर तोंडावर माग.

२१ डिसेंबर

शीलानं शेवटी मायच्या फोनवर केला आणि काजलनं उचलला. काजल माझ्यामागं ऑफिसात आली, धापा टाकत.

"दादा, वहिनीना फोन उना व्हता. ती म्हने, मायना खोकला तिले तठे आयकू उना. कुंदनना मोबाइलमा. तो आंघोळले गयथा, मोबाइल खाटवर व्हता. आपला बठ्ठासना आवाज उना म्हने."

मी तिला बसवलं, पाणी दिलं, आणि शांतपणे समजावलं. कॅमेऱ्याचा पासवर्ड मी एकट्यानं बदललाय. जगात फक्त माझ्या डोक्यात आहे. कुंदन बारावी नापास, त्याला काय जमणार? शीला तिथं भावाच्या हाताखाली आहे. भाऊ सांगेल ते बोलणार. आज म्हणेल कॅमेरा काढा, उद्या आम्ही कॅमेरा काढला की तो दारात.

काजल म्हणाली, "वहिनी रडी ऱ्हायंती." मी म्हटलं, तिचा फोन पुन्हा घेऊ नको.

काजलला पटलं नाही, तिच्या तोंडावर दिसत होतं. म्हणाली, निदान दिवस तरी बदलू. मी म्हटलं, हजर नाही झालीस तर नोकरी जाईल. ते तर खरंच आहे.

२२ डिसेंबर

आज जेवताना पुन्हा तोच विषय. माय पण आता काजलच्या बाजूनं. कॅमेरा, कॅमेरा. अकरा वर्षं मी हे काम करतोय, आणि माझ्या घरातल्या बायका मला शिकवणार. डोकंच फिरलं. उठलो, ओट्यावर गेलो, कॅमेऱ्याखाली उभा राहिलो आणि मोठ्यानं म्हणालो, "आयक रे. उद्यानी पहिली बस. काजल फाटावरथून रनाळाले जाई ऱ्हायनी. जे करनं ते कर."

मला वाटलं होतं, दोघी हसतील.

माय म्हणाली, "असं बोलू नही भाऊ." काजलनं आत जाऊन पिशवी भरली.

उद्या मी स्वतः तिला फाट्यावर नेऊन गाडीत बसवणार आहे. मग तरी पटेल.

२९ डिसेंबर

काजल गेली.

लिहितो. लिहिलं नाही तर वेड लागेल.

सोमवारी सकाळी तिला फाट्यावर नेलं. थंडी होती, उसाच्या बैलगाड्या कारखान्याकडं चालल्या होत्या. बस यायला वेळ होता. तेवढ्यात पिंपळबारीच्या दूध डेअरीचा फोन, लाइन गेली, गाड्या अडल्यात, दुधाची नोंद होत नाही, लगेच या. एका पाठोपाठ एक फोन. काजलनंच म्हटलं, "तू जाय दादा, आठे लोके शेत." लोक होते. चहावाला होता, शाळेच्या दोन बाया होत्या. मी गेलो.

तार पिंपळबारीच्या अलीकडं तुटली होती. उंदरानं कुरतडलेली तार अशी नसते. सुरीनं कापल्यासारखी स्वच्छ होती. ते मला दिसलं. तरी मी शिडी लावली आणि जोडत बसलो, कारण सवय. शिडीवर असताना शीलाचा फोन आला. नाव बघितलं आणि खिशात टाकला. तो वाजत राहिला, थांबला, पुन्हा वाजला.

कुंदननं पिकअप तिच्या अंगावर घातली. चहावाला म्हणतो, गाडी आधी हळू होती, त्याला वाटलं सोडायला आलेत. शीला डेअरीच्या माणसाच्या मोटरसायकलवर मागं बसून भावाच्या मागं निघाली होती. ती पोचली तेव्हा तो गाडी मागं घेत होता, पुन्हा पुढं आणायला. ती गाडीपुढं काजलवर आडवी पडली. तेव्हा तो थांबला.

काजल शहाद्यापर्यंत बोलत होती. धुळ्याला नेताना वाटेत गेली. शीलाच्या मांडीवर.

मी तिथं नव्हतो. मी जावयाच्या गावाची लाइन जोडत होतो.

५ जानेवारी

नंदुरबारहून सायबर पोलिसांकडच्या दिपाली मॅडम आल्या होत्या. वयानं लहान, बोलायला साध्या. कुंदनच्या मोबाइलमध्ये आमच्या ओट्याचं चालू चित्र सापडलंय, तर तो कॅमेऱ्यात कसा शिरला हे त्यांना माझ्याकडून समजून घ्यायचं होतं. मी म्हटलं, मला माहीत नाही, पासवर्ड मी बदलला होता.

त्यांनी स्वतःचा मोबाइल काढला. कॅमेऱ्याचं मॉडेल शोधलं, पहिल्याच पानावर ते नाव आणि पासवर्ड आले. दोन वर्षांपूर्वी कोणीतरी टाकलेले, सगळ्या जगासाठी. मग त्यांनी राउटरला मोबाइल जोडला, ते टाकलं, आणि आमचा ओटा त्यांच्या हातात दिसायला लागला. त्यात मी उभा होतो, पाठमोरा.

"तुम्ही बदललात तो तुमचा पासवर्ड," त्या म्हणाल्या. "हे कंपनीचं खातं. तुमचा कितीही बदला, हे तसंच राहतं. तुम्हाला हे माहीत नव्हतं?"

मी म्हटलं, माहीत होतं.

त्यांनी वहीचं पान उलटलं. मग विचारलं, तो पिंपळबारीत बसून तुमच्या घरातल्या कॅमेऱ्यापर्यंत कसा पोचला, बाहेरून तर हा दिसत नाही. मी सांगितलं, त्याच्याकडं माझंच कनेक्शन आहे. माझ्या लाइनवरचा प्रत्येक डबा, राउटर काय, कॅमेरा काय, मला ऑफिसातून दिसतो. त्यांनी लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे तुमच्या लाइनवर बसलेल्या कोणालाही दिसतो." हे मी इतक्या वर्षांत एकदाही असं म्हणून बघितलं नव्हतं.

"भांडण झाल्यावर कनेक्शन बंद का नाही केलं?"

जावई आहे, असं मी म्हणालो. त्यांनी ते लिहिलं की नाही, बघितलं नाही.

९ जानेवारी

अंकितच्या दुकानात गेलो. भांडायला गेलो होतो, पण तो खरंच हादरलेला होता. त्यानं खुर्ची दिली, प्यारीबाईंनी, त्याच्या आईनं, आतून पाणी पाठवलं. म्हणाला, "भाई, सगळ्याच मालात असतं ते. कंपनीवाल्यांना दुरुस्तीला लागलं तर, म्हणून. आम्हाला कुठं माहीत, असं कोणी वापरेल." कंपनीला फोन लावला. तिथला माणूस म्हणाला, जुनं मॉडेल आहे, आता त्यात काही होणार नाही, नवीन घ्या.

मी त्याला काय बोलणार होतो? मलाही ते खातं फार आवडायचं.

१४ जानेवारी

संक्रांत. घरात तीळ नाही, गूळ नाही.

गावोगाव फिरून कॅमेरे काढतोय. लोक काढू देत नाहीत. डेअरीचा चेअरमन म्हणाला, दुसऱ्याच्या घरी झालं म्हणून आमचा कशाला काढतो, चोऱ्या किती वाढल्यात. मी त्याला त्या खात्यानं त्याच्याच अंगणात त्याची सून कपडे वाळत घालताना दाखवली. त्यानं कॅमेरा काढू दिला, आणि मला पुन्हा दारात येऊ नको म्हणाला. त्याला वाटतं, मी रोज बघत होतो.

मी नव्हतो बघत. पण त्याला ते कसं पटवणार. शीलानं शपथ घेतली होती, ती मला पटली होती का?

२० जानेवारी

रूपचंद आबा आले. आता ओट्यावर कोणी बसत नाही, आत बसले. इकडचं तिकडचं बोलून म्हणाले, जे झालं ते झालं, कुंदनचे आईबाप थकलेत, एकुलता एक मुलगा आहे. फाट्यावरचे कोणी पोलिसांपुढं नीट बोलायला तयार नाहीत. सगळं शीलाच्या जबाबावर आहे. ती तुझी बायको. तिला घरी आण, समजाव. निदान दुसरा संसार तरी वाचव.

माय आतून उठून आली. आयुष्यात आबांसमोर डोक्यावरचा पदर तिनं सोडला नव्हता. म्हणाली, "ऊठ रे आबा. मन्हा घरमाथून ऊठ."

खोकला अनावर झाला तिला. तो आवाज ऐकवत नाही मला. शीलाला तो तिकडं ऐकू आला होता आणि मी इथं बसून तो ऐकत होतो, तरी तिलाच खोटं म्हणत होतो.

२ फेब्रुवारी

रनाळ्याला गेलो. शीला छबूमावशीकडं आहे. माहेरचं दार तिला बंद झालं, आणि या दारातून मीच तिला काढलं होतं. काजलसाठी सारवलेल्या खोलीत ती राहते. दवाखान्यातली काजलची जागाही तिनंच धरली आहे. कामावरून नुकतीच आली होती, पायात चप्पल तशीच. हात सुजलेला, दवाखान्यातल्या पलंगाला आदळून का त्या दिवसाचाच, विचारलं नाही.

मी माफी मागितली. जितकी मागता येते तितकी. म्हटलं, घरी चल, माय वाट बघते. ती दारातच उभी राहिली, मला आत ये म्हणाली नाही आणि जा पण म्हणाली नाही.

मग म्हणाली, "तुम्ही माले इचारं व्हतं, कोनले सांगं म्हनीसन. दोन येळा इचारं व्हतं."

मी मान हलवली.

"आते सांगं मी. पोलिसले सांगं. मन्हा सख्खा भाऊनं नाव लिसन सांगं. कोर्टमा बी सांगसू." तिनं पायातली चप्पल काढली. "आते तुम्ही जा."

छबूमावशीनं चहा टाकला होता, तो न घेता निघालो. शहाद्यावरून सरळ घरी यायचं ते पिंपळबारीला वळलो. जीप खांबाजवळ लावली. वर डबीत कुंदनच्या घरच्या तारेचा दिवा हिरवा होता. तो तुरुंगात आहे, बहीण रनाळ्याला आहे, बायको नाही, आणि कनेक्शन चालू. मी ते कापायचं विसरलोच होतो, की अजूनही आबांचं ऐकत होतो, ते माझं मलाच सांगता येणार नाही.

कापलं. लोंबणारं टोक गुंडाळून खांबाला बांधलं, कोणाच्या अंगावर येऊ नये म्हणून. खाली उतरलो तर मोबाइल वाजत होता. कुंदनच्या घरचा नंबर. त्याचा म्हातारा बाप होता. "भूपेशभाऊ, नेट बंद पडनं," तो म्हणाला. "जरा देखतस का?"

मी फोन ठेवला नाही. त्यानं उत्तराची वाट बघितली, मग हळूच म्हणाला, बरं, आणि त्यानंच ठेवला.